समईतलं तेल

मंडळी, ऐका! हे आपले नारूशेट, काजूच्या कारखान्याचे मालक, पहिल्या रांगेत लोडाला टेकून बसलेत. कीर्तनाआधी माझ्या मागंच लागले! "आक्का, समईतलं तेल रोज कोणीतरी चोरतंय. आज त्या चोराला झोडा!" अहो, मी तीन यत्ता शिकलेली असेन, पण मला विषय नेमून देता? तुमच्या कारखान्यातली बाई समजलात की काय? पण बरं झालं. तोच घेते! देवाच्या समईतलं तेल चोरलं — तर पाप कुणाचं?

एक होती शेवंता. नाव माझ्या मनचं हं, खरं विचारू नका! कारखान्यात काजूबी फोडायची. तुम्हाला काजू खिरीत भेटतो, गोड लागतो! पण त्याच्या टरफलात डीक असतो — काळा, जळजळीत. हाताला तेल न चोपडता बी धरली, की कातडं सोलून निघतं!

पहाटे मी काकड्याला देवळात शिरते, तर समईपाशी कोणीतरी वाकलेलं! धरलं मनगट.

"आक्का, पाया पडते, ओरडू नका! शेटना कळलं तर माझं काम गेलं!" बघते तर तळहात सोललेला! मी मनगट सोडलं.

"कारखान्यात तेल देत होते ना गं?"

"देत होते. मग सरकारनं किमान मजुरी वाढवली. शेटनी ती दिली, खोटं कशाला बोलू? पण तेल बंद. चहाची सुट्टी बंद. चौघींना घरी बसवलं, त्यांची बी आमच्या पुढ्यात ओतली."

"तपासणीला साहेब आले, तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"शेट शेजारीच उभे होते, आक्का! साहेबांनी विचारलं, काही तक्रार? आम्ही सगळ्यांनी हात पदराखाली घेतले. आता पाचवी कोण? सकाळी फाटकात शिरताना रोज हाच घोर."

ऐकलंत? मजुरी वाढली, नि तिच्याबरोबर धास्तीही! आणि तुम्ही काय कमी आहात, मंडळी? मजुरी वाढली म्हणून गावभर पेढे वाटलेत. चौघी घरी बसल्या, तेव्हा त्यांच्या दारात कोण गेलं? सांगा ना! — आता का खाली बघताय?

बरं, कारखान्यातला तेलाचा डबा गेला कुठं? वळा मागं. तो काय, खांबापाशी! कारखान्याचा शिक्कासुद्धा पुसलेला नाही. शेटनी देवाला वाहिला, आणि आपण टाळ्या वाजवल्या!

आता गजर. बायांनो, टाळी नको, तुम्हाला सोसायची नाही. नुसते हात वर करा. ... भिऊ नका, मी उभी आहे. ... हां, एक आला. ... तो दुसरा. ... अगं बाई, सगळेच! आणि सगळेच सोललेले!

नारूशेट, उठू नका. बघा नि ओळखा, शेवंता कोणती. येतंय ओळखता? नाही ना! मग ऐका. देव अंधारात बसेल, त्याला कुणाची भीती नाही. तो डबा उचला, आणि सकाळी बायांच्या पुढ्यात नेऊन ठेवा. चौघींना बोलवायला मी तुमच्याबरोबर येते. आणि शेट, त्यानंतर मी फाटकातच बसणार — पाचवीचं नाव काढून दाखवा!