टोर्ख्यांचे दात

आ करा. अजून. अहो, एवढ्यानं मला तुमची जीभसुद्धा दिसत नाही — हं, असं. आणि आता बोलायचं नाही. मघाशी बाहेर बसून आमच्या बाईंना काय सांगत होतात ते मी ऐकलंय — नवी मालिका जुनीपेक्षा भारी, नव्यातले टोर्खे खरे वाटतात, जुन्यातले म्हणजे नुसते रबराचे मुखवटे. रबराचे! आणि वर तोच नवा चेहरा छातीवर छापून माझ्या दवाखान्यात येता. एप्रन टाकून झाकला मी, तरी दात दिसतायत अजून. टोर्ख्याला दात! लहानपणापासून बघतोय मी ती मालिका, त्या परग्रहावरच्या लोकांच्या तोंडात एक दात कधी नव्हता — हाडाची सलग पट्टी, वर एक, खाली एक, आणि तोंड मिटताना ‘टक्’ असा आवाज. तो आवाज आला की आम्ही पाय वर घेऊन बसायचो. आणि यांनी काय केलं? नवी मालिका काढली, ती म्हणे जुनीच्या साठ वर्षं आधी घडते, आणि तिच्यात त्याच टोर्ख्यांना पांढरेशुभ्र, ओळीत बसवलेले दात. मग साठ वर्षांत अख्ख्या जमातीचे दात गेले कुठे? पडले? सगळ्यांचे? आणि हिरडीच्या जागी हाड आलं? एखाद्या दंतवैद्याला विचारायचं तरी! हलू नका. दुखतं कधी — थंड-गरम लागून? नाही? फक्त चावताना. हं.

आता तुम्ही म्हणाल, त्यावर खुलासा आहे. माहीत आहे मला तो खुलासा. तुमच्या त्या चर्चेच्या ग्रुपवर कुणी एक ‘दुधाचा दात’ नावानं लिहितो — हो, मीही आहे तिथं. ‘जुना जाणता’ म्हणजे मीच. डोळे कशाला मोठे करता, तोंड मोठं करा. तर त्याचं म्हणणं असं, की युद्ध हरल्यावर टोर्ख्यांनी आपणहून दात काढून टाकले. एकानं दुसऱ्याचे, दुसऱ्यानं तिसऱ्याचे. का, तर पुन्हा कुणाला चावायची वेळ येऊ नये म्हणून. आणि तिथं लोक रडले हो हे वाचून! मोठमोठी माणसं! मी नाही रडलो. चांगला दात उपटणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. मी लिहिलं, एकेक मुद्दा घेऊन लिहिलं, त्याची पार सालपटं काढली, आणि शेवटी लिहिलं की या लेखकाची अक्कलदाढ अजून उगवायची आहे. लोक खो-खो हसले. तुम्हीही हसला असाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या खुर्चीवर — ती, चादर टाकलेली, तिकडे बघू नका, मान सरळ — तिथं पेशंट झोपलेला, आणि माझा मुलगा, तोंडावर मास्क, हातात आरसा, मला म्हणतो, “बाबा, ते मी लिहिलं होतं.” बस. एवढंच. मी काय म्हणायला हवं होतं? पेशंटसमोर गळ्यात पडायचं? मी म्हटलं, मग तर आणखीच वाईट, दंतवैद्य होऊन असलं लिहितोस? त्यानं हातमोजे काढले आणि गेला, तो गेलाच. पेशंट तसाच आ करून. मीच पुरं केलं ते काम. आता सांगा, यात माझं काय चुकलं — नाही, बोलू नका, कापूस आहे. माझं काही चुकलेलं नाही. माझ्याच मांडीवर बसून बघितली त्यानं ती मालिका. टक् झालं की माझा अंगठा धरायचा, आणि तोच आता टोर्ख्यांना दात देणाऱ्यांची वकिली करतो. बायको म्हणते, फोन करा. मी का करू? अंगठा त्यानं माझा धरला होता, मी त्याचा धरला होता का?

हं, ही बघा. ही दाढ. फिलिंग केलंय हिच्यात. कधी — असू दे. काम बरं आहे. नाही, चांगलंच आहे. खाच बघा किती निगुतीनं कोरलीय, आजकाल कोण कोरतं, थापतात आणि सोडतात. आणि मग इतकं करून एका बाजूला केसभर उंच —

थांबा.

कुणी केलंय हे?

नको, सांगू नका. कळलं. इथं असताना प्रत्येक वेळी हेच. खाच सुरेख आणि कडा उंच, आणि मग हाक मारायचा, बाबा, जरा बघता? आणि मी येऊन घासून द्यायचो. त्यानं पाठवलंय तुम्हाला? मान हलवू नका, लागेल. हलवलीत. काय म्हणाला? कापूस काढतो, दोन शब्दांत सांगा.

असं म्हणाला? ‘ते बाबाच करतील.’ असं?

बरं. आ करा. हा निळा कागद चावा. कट कट. पुन्हा. दिसला डाग, उंच आहे तिथंच. आता ड्रिलचा आवाज होईल, घाबरायचं नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, वर दिव्याकडे बघा. झालं. चावा. लागतंय? नाही ना. कसं लागेल.

चूळ भरा आणि निघा. आणि हा शर्ट घालून पुन्हा आलात तर दारातूनच परत पाठवीन. त्याला सांगा, खुलासा अजूनही चुकीचा आहे. एकानं दुसऱ्याचे काढले, दुसऱ्यानं तिसऱ्याचे — ठीक आहे, मानलं. मग सगळ्यांत शेवटी जो एकटा उरला, त्याचे कुणी काढले? हे विचारा त्याला. आणि उत्तर तिथं ग्रुपवर लिहायचं नाही म्हणावं, तिथं मी वाचणार नाही. इथं यायचं. माझ्यासमोर उभं राहून सांगायचं.

बाई! त्या खुर्चीवरची चादर काढा. नाही, कुणी येणार नाहीये. धूळ बसलीय म्हणून. तुम्ही अजून इथंच? जा म्हटलं ना.