मामाचा सूर्य

नर्सने शिवणकामवाल्या मावशींच्या डोळ्यांत थेंब घातले, बाकावर बसवलं आणि डोळे उघडायचे नाहीत असा दम भरला. शेजारी कोणी बहीणभाऊ बोलत होते. कान काही मिटता येत नाहीत.

"रोज गच्चीत उभा राहून सूर्याकडे टक लावतोस म्हणे. तुझी बायको सांगत होती."

"मावळताना तो किती लख्ख असतो ते बघतो, ताई. शिकाऊ वैमानिकांच्या सरावाच्या यंत्रात तसाच्या तसा बसवायचाय."

"इतके दिवस नव्हता?"

"होता की. यंत्राचा डबा डोळ्यांवर चढवला की खरंच विमानात बसल्यासारखं वाटतं. सूर्य समोर आला की पोरं डोळे मिटतात."

"माझा पोरगा नाही मिटायचा. फोनवर सांगायचा, आई, मामाच्या सूर्यासमोर मी पापणीसुद्धा हलवत नाही."





"त्याचं डोकं दुखायचं. म्हणून त्याच्या पाळीला मी सूर्याचा उजेड कमी करून ठेवायचो."

"सगळ्यांच्याच?"

"त्याच्या एकट्याच्या. भाचा ना माझा."

"आणि त्याचं खरं विमान आपटलं त्या दिवशी?"

"सूर्य अगदी समोर होता, ताई. त्याला धावपट्टी दिसलीच नसेल."

मावशींनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"आता किती ठेवलायस उजेड?"

"पूर्ण."

"पोरं काय म्हणतात?"

"डोळ्यांतून पाणी येतं म्हणतात."

"येऊ दे."