मोल्दोकुल आजोबा हयात असल्याबाबत

मी, सुयुनबाय मोल्दोकुलोव, वय ४९ वर्षे, धंदा मेंढपाळी व हिवाळ्यात गावच्या शाळेची भट्टी पेटवणे, शिक्षण गावच्याच शाळेत, राहणार ओर्तो-बुलाक, नारीन प्रांत, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी, माझे वडील मोल्दोकुल, वय ८४, माझी पत्नी काल्यपा आणि मुलगी बुरुल, वय १८, असे एकत्र राहतो. वडील हयात आहेत. हा जबाब देतेवेळी ते माझ्या शेजारी बाकावर बसलेले आहेत.

बुरुलला राजधानीतल्या संगीत विद्यालयात शिकायचे आहे. तिथे आधी घरूनच आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवावा लागतो. तो पसंत पडला तर समोर बोलावतात. पाठवण्याची मुदत गेल्या शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत होती. यंदा हुकले तर पुढच्या वर्षी पाहू, असे मी तिला म्हणू शकत नव्हतो. तिला दोन घरांतून मागणी आली आहे. मी अजून कुणाला शब्द दिलेला नाही.

तिने मामाकडून जुना मायक्रोफोन आणला होता. दोन आठवडे ती घरात गात होती, पण ध्वनिमुद्रण ऐकले की हमामखान्यात गायल्यासारखे वाटे. शीतकपाटाची घरघर ऐकू येई, म्हणून ते बंद केले. ‘प’ आणि ‘ब’ आले की फुंकर मारल्यासारखा धक्का बसे. त्यावर तिने आईचा पायमोजा तारेच्या कड्यावर ताणून मायक्रोफोनच्या पुढे बांधला, तोंड एक वीत लांब ठेवले आणि मान जराशी तिरपी केली. धक्का गेला, घुमणे राहिले. भिंतींवर गाद्या-रजया टांगल्या तरी वरचा पत्रा होताच. ती मला म्हणाली, “बाबा, मी गाते तेव्हा भिंतीपण गातात. त्यांना गप्प करा ना.”

उन्हाळ्यात आम्ही कुरणावर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत राहतो. तिथे बोललेला शब्द भिंतीवरून परत येत नाही. जाड लोकर तो पिऊन टाकते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण उपयोगाचे आहे असे कधी वाटले नव्हते. शुक्रवारी पहाटेची नमाज झाल्यावर मी व काल्यपा यांनी बांधून ठेवलेला तंबू सोडला आणि दारात उभा केला.

नोव्हेंबरात कुणाच्या दारात तंबू उभा राहिला की त्या घरी मयत झाले आहे असे आमच्याकडे कुणीही समजेल. हे मलाही माहीत आहे. त्या दिवशी मला फक्त घुमणे दिसत होते.

बुरुल आत एकटी बसून गाऊ लागली. मुलीची पाठवणी करताना आईने म्हणायचे ते गाणे तिने निवडले होते. ते तिने माझ्या आईकडून घेतले. आई आता नाही. त्या गाण्याचा सूर मयताच्या विलापाला फार जवळचा आहे. नमद्यातून शब्द बाहेर येत नव्हते, सूर येत होता. मनासारखे होईना म्हणून ती तेच कडवे पुन्हा पुन्हा गात होती.

घरचे पाळीव हंस आणि कुत्रा तंबूजवळ येऊ नयेत म्हणून मी दाराशी काठी घेऊन उभा होतो. थंडी होती, म्हणून कोटावर कमरपट्टा बांधला होता. बाप गेलेला मुलगा आमच्याकडे असाच उभा राहतो.

शेजारी सागिन रस्त्याने जाताना थांबला व म्हणाला, “सुयुनबाय, काय झालं रे?” आत गाणे चालू होते, त्यामुळे मला बोलता येईना. मी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी होते. त्याचे कारण गाणे होते. सागिनने मला मिठी मारली, थोडा रडला आणि घाईने गेला. तो कुठे गेला हे मला तेव्हा समजले नाही.

दुपारच्या नमाजेनंतर वरच्या आळीचे पुरुष, आमच्या रिवाजाप्रमाणे लांबूनच मोठ्याने रडत, “बाबा रे, डोंगर गेला रे आमचा!” असे ओरडत आले. मागून बायका आल्या. सागिनने मेंढा आणला होता. बुरुलचे चांगले चाललेले गाणे मोडले. ती बाहेर आली आणि एवढे लोक पाहून तीही रडू लागली. त्यामुळे लोकांची खात्रीच पटली.

गलका ऐकून वडील घरातून कोट चढवत बाहेर आले व त्यांनी विचारले, “कोण गेलं?”

रडणारे जागच्या जागी थांबले. वडील म्हणाले, “अरे सांगा की! मला नेहमी सगळ्यात शेवटी कळतं.”

सागिन म्हणाला, “काका… तुम्ही.”

वडिलांनी थोडा विचार केला आणि ते म्हणाले, “तरीच सकाळपासून चहा मिळाला नाही.” मग सागिनकडे पाहून, “तू एवढा रडलास माझ्यासाठी? मागच्या हिवाळ्यात गाडीभर गवत मागितलं तेव्हा डोळ्यात टिपूस नव्हतं तुझ्या.”

“गवत देतो काका, पण परत असं करू नका.”

“वेळ येईल तेव्हा करीन. तुला विचारून नाही.”

लोक हसू लागले. कुणी मला शिव्या दिल्या, त्या मी नोंदवू इच्छित नाही. मयताला आणलेला मेंढा परत नेत नाहीत, म्हणून तो कापून कढई चढवावी असे ठरले. अंगणात शंभरावर माणूस झाला. ऊन पश्चिमेच्या कड्यावर गेले होते. बुरुल मला म्हणाली, “राहू द्या बाबा. आता नाही होत.” तिने हे रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते.

त्याच वेळी पोलीस ठाण्याचे कॅप्टन तालांत जीप घेऊन आले. डॉक्टरला न कळवता दफन होत असल्याची वर्दी त्यांना मिळाली होती. त्यांनी विचारले, “मयत कुठे आहे?” वडिलांनी हात वर केला.

कॅप्टनसाहेब खुलासा मागू लागले तेव्हा वडील सर्वांना म्हणाले, “मेलेल्या माणसासाठी कामधंदा सोडून आलात. जिवंत पोरीसाठी एक गाणं होईस्तोवर गप्प बसा. एवढंच मागतो.”

त्यानंतर पुढीलप्रमाणे झाले. पुरुष जिथे होते तिथे उकिडवे बसले. कढईखालचा जाळ ओढून काढला. सागिनने स्वतः कुत्र्याचे तोंड धरले. कॅप्टनसाहेबांनी जीप बंद केली आणि खांद्यावरचा वायरलेसही बंद केला. नियमात ते बसत नसल्यास हे वाक्य वगळावे. बायका तंबूत गेल्या आणि विलापाला बसतात तशा भिंतीला पाठ लावून गोल बसल्या, सगळ्या जाड कोटात.

बुरुल एकदाच गायली.

नंतर ती मला म्हणाली, की कोटांमुळे उरलेसुरले घुमणेही गेले आणि आवाज स्वच्छ आला. ते खरे असेल. मी बाहेर होतो. मला एवढे समजले, की सकाळपासून ती मायक्रोफोनला गाऊन दाखवत होती, आणि आता ती कुणाची तरी पाठवणी करत होती. मी मनात अल्लाचे नाव घेत उभा होतो. पाठवणी कुणाची, हेही मला कळत होते.

गाणे संपताच वडिलांनी बाहेरून “आमीन” म्हटले. ते ध्वनिमुद्रणात आले. काल्यपा म्हणाली, “कापून टाक ग.” बुरुलने कापले नाही. दिवे लागायच्या आत तिने ते पाठवले. मग सर्वांनी मेंढा खाल्ला.

आज वडील घटनेच्या दिवशी हयात असल्याचा पुरावा विचारण्यात आला. ते बाकावर बसलेले आहेत, पण तो आजचा पुरावा झाला असे मला सांगण्यात आले. म्हणून शुक्रवारचे ध्वनिमुद्रण मी फोनवर हजर केले. शेवटी येणारा “आमीन” हा आवाज माझ्या वडिलांचाच आहे. कॅप्टनसाहेबांनी ते ऐकले आणि खात्रीसाठी पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या वेळी शेजारच्या खोलीतला टंकलेखनाचा आवाज थांबला होता. कॅप्टनसाहेब म्हणाले, “कधी बोलावलंय तिला?” अजून उत्तर आलेले नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, “येईल.” हे त्यांचे वैयक्तिक मत आहे.

मागणी आलेल्या दोन्ही घरांना, उत्तर येईपर्यंत थांबावे, असा निरोप मी आज सकाळी दिला आहे. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, तरी लिहून घ्यावे ही विनंती.

माझा वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. वडिलांनीही ऐकला. त्यांची एक दुरुस्ती आहे : त्यांनी फक्त “आमीन” म्हटले नाही. आधी हळू आवाजात “जा, बाळ” असे म्हटले होते, ते मायक्रोफोनला ऐकू आले नाही.