खिशातला पॉलिशपेपर

हॅलो?… कोण?… रेडिओ केंद्रावरून? अगं, तूच का ती, परवा ह्यांना बोलवायला दुकानात आली होतीस?… हो, हो, मी त्यांची बायको. ऐकतोय ना! शेजारचा शिंपी आलाय, जाऊबाई आल्यात, न्हावी तर गिऱ्हाईक अर्धं सोडून आलाय… बसायला जागा नाही म्हणून व्हायोलिनं सगळी खुंट्यांवर टांगलीत…

काय?… बोलत नाहीत म्हणजे?

अगं, निवेदक आत्ता किती छान म्हणाला, आपल्या गावचे व्हायोलिन बनवणारे काका… आणि लगेच गाणं लागलं. आम्हाला वाटलं, असंच असतं… अच्छा! ते गप्प झाले म्हणून लावलंत? अगं बाई!… पाणी दे ना… दिलंस?… नुसते हातांकडे बघतायत?

थांब, थांब. हातांकडे?… मेले! माझीच चूक गं.

अगं ऐक ना. सकाळी कोट काढला, तर खिशात हा भुसा! म्हटलं, रेडिओवर चाललाय माणूस, असा गबाळा कसा जाईल? केले खिसे उलटे, झटकून टाकले… हो गं, रेडिओवर दिसतंय कुणाला! जाऊबाई पण तेच म्हणतायत. वहिनी, गप्प बसा हो जरा!… तुला नाही गं.

त्या खिशात ह्यांची घोडी होती… अगं, घोडी म्हणजे व्हायोलिनच्या तारांखाली उभी असते ना, तो लाकडाचा लहानसा तुकडा. एक अर्धवट घासलेली कायम खिशात असते. हाताला घासायला काही नसलं, की ह्यांच्या तोंडाला कुलूप! मला बघायला आले तेव्हाही घासतच बसलेले. आमचे वडील म्हणाले, नवरामुलगा आलाय की सुतार?… हसू नको, गाणं संपेल! दुसरं कडवं लागलंसुद्धा.

ती इथेच आहे गं, माझ्या हातात. सायकलवर पाठवू कुणाला?… नाही पोचणार. खरंय.

आठवडाभर तयारी केलीय गं त्यांनी. रंधा मारता मारता उत्तरं पाठ! आज असेच मुके परत आले, तर पुन्हा चार लोकांत जायचे नाहीत. ओळखते मी.

हे बघ, कोटाचा आतला खिसा. डावीकडचा. तिथे मी हात घातला नव्हता. पॉलिशपेपर असणारच… बघ तरी! माझं नाव सांग… सापडला? सापडला हो वहिनी!… मळका चालतो. आता लाकूड दे. काहीही… फूटपट्टी? लाकडी आहे ना?… साहेबांची असू दे नाहीतर मंत्र्यांची, दे हातात!

खरखर माइकमध्ये येईल?… येऊ दे की! लग्न झाल्यापासून मी तेच ऐकतेय, गावाला एक दिवस ऐकू दे.

संपलं गाणं. शिंपीदादा, आवाज वाढवा!… श्श्…

आली! खरखर आली! ऐकलीस?… बोलले! अगं, बोलले! लाकूड कसं निवडतात ते सांगतायत… न्हाव्याने शिट्टी मारली बघ… आता थांबायचे नाहीत. मी सांगते ना, तुझी पट्टी संपेल पण हे…

काय विचारलं त्याने?… वाद्य झालं, हे कसं ठरवता… हो, हे पाठ आहे त्यांचं. तारेचा ताण, लाकडाचा… 

'मी नाही ठरवत'? हे कुठे पाठ केलं होतं?

…'मी बाहेर वाजवून बघतो. आत ती कपडे धूत असते. ती गुणगुणायला लागली, की समजतो, झालं. नाही गुणगुणली, तर पुन्हा उघडतो…'

मी?… मी कधी गुणगुणते?… वहिनी, मी गुणगुणते? रोज?

एका शब्दाने बोलला नाही गं हा माणूस मला कधी! आणि आता सांगतोय, ते अख्ख्या गावाला!…

नाही गं, रडत कुठेय. भुसा गेला डोळ्यात… काय?… आभार कसले मानतेस? अगं, सगळा गाव ऐकतोय त्यांना आणि मीच इथे तुझ्याशी बोलत बसलेय!

ठेव. ठेव फोन.