इमाका म्हणजे बघू

पानीराक : खरं सांगा मामा. हिवाळ्यात त्या जहाजवाल्याला तुम्ही काय म्हणालात?

इनुतेक : काय म्हणणार? इमाका म्हणालो.

पानीराक : झालं! तरीच तो कप्तान मघापासून रेडिओवर सांगतोय, गावच्या प्रमुखांनी खाडीत यायची परवानगी दिलीय म्हणून.

इनुतेक : परवानगी कसली? इमाका म्हणजे बघू. माणूस माझ्या घरात बसून माझी कॉफी पीत होता. त्याच्या तोंडावर नाही म्हणू? या गावात कुणालाही बघू म्हण, नाही समजून निमूट उठून बूट चढवायला लागतो.

पानीराक : आपला माणूस बूट चढवतो. यानं जहाज आणलंय! दोनशे पाहुणे घेऊन उभा आहे खाडीच्या तोंडाशी. आणि वेळ बघा कुठली गाठलीय. सुळ्याचे देवमासे वळलेत आत.

इनुतेक : दिसले?

पानीराक : मीच पाहिले टेकडीवरून. पोरं कयाक होड्यांत भाले घेऊन बसलीत, हू की चू नाही. वर्षभराचं मांस दाराशी आलंय मामा. इंजिनाची घरघर एकदा पाण्यात उतरली की गेले ते.

इनुतेक : मग सांग ना त्याला.

पानीराक : सांगतेच आहे. पण तुमच्या इमाकाचं काय करू? ऐका, बोलतोय परत.

कप्तान : बाई, आम्ही हळू येतो म्हटलं ना. तुमच्या इनुतेकना विचारा, त्यांनी होकार दिलाय.

पानीराक : हळू म्हणजे बंद नव्हे, कप्तान. इंजिन बंद करा आणि थांबा तिथेच.

कप्तान : गेल्या वर्षी आलो तेव्हा तुम्हीच केक भरवलात! बायकांनी केलेले सगळे हातमोजे खपले, सुळ्यावरचं कोरीवकाम खपलं. आठवतंय का?

पानीराक : तेव्हा देवमासे येऊन गेले होते.

कप्तान : हे बघा, माझे पाहुणे पृथ्वीच्या टोकाला आलेत. इथून परत फिरवलं तर कंपनी पुढच्या वर्षी दुसरी खाडी धरेल. तुमच्या गावाला चालेल?

पानीराक : (बटण सोडून) मामा, काय सांगू? शाळेची शेगडी त्याच हातमोज्यांच्या पैशावर पेटते.

इनुतेक : इकडे दे तो रेडिओ.

पानीराक : तुम्ही? आयुष्यात पाहुण्याला नाही म्हटलं नाहीत तुम्ही.

इनुतेक : शब्द माझा होता, मीच निस्तरतो. दे. कप्तान, मी इनुतेक बोलतोय. नामिक.

कप्तान : काय?

इनुतेक : नाही. आमच्याकडे हा शब्द फारसा वापरत नाहीत, म्हणून जरा गंजलाय. पण अर्थ तोच आहे. नाही.

कप्तान : पण तुम्ही तर...

इनुतेक : मी बघू म्हणालो होतो. आता बघितलं. ऐका, आमच्या सगळ्या होड्यांची इंजिनं काढून चर्चच्या मागे ताडपत्रीखाली ठेवलीत, माझंसुद्धा. परवा आमचे पाद्रीबुवा पलीकडच्या वस्तीवर लग्न लावायला वल्ही मारत गेले. भिजून पोचले, पण लग्न लावलं. देवाच्या माणसाला आम्ही सूट दिली नाही, तुम्हाला कशी देऊ?

कप्तान : म्हणजे आम्ही जायचं?

इनुतेक : जा कोण म्हणतंय? थांबा. पोरांचं काम उरकलं की आमच्या होड्या येतील, वल्ह्यांच्या. मावतील तेवढे पाहुणे आणू, पुन्हा जाऊ, पुन्हा आणू. केक आहेच. पण या पाण्यात कुणाचं इंजिन चालतं ते आम्ही ठरवतो. आमच्या आजोबांनी ठरवलं, त्यांच्या आजोबांनी ठरवलं. म्हणून देवमासे अजून इथे येतात.

कप्तान : आणि पुढच्या वर्षी कंपनी आली नाही तर?

इनुतेक : तर आमची मुलं शाळेत कोट घालून बसतील. पण खाऊनपिऊन बसतील.

पानीराक : मामा! कप्तान गेला की काय?

इनुतेक : थांब जरा. दम धर.

कप्तान : इनुतेक... इंजिन बंद केलंय.

पानीराक : देवा, तुझे उपकार!

कप्तान : सगळे पाहुणे कठड्याशी आलेत. पाण्यातून काहीतरी... कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा टाकावा तसं. एक नाही, पुष्कळ. अगदी जहाजाजवळून चाललेत. हे तेच का?

इनुतेक : तेच. आत यायला निघालेत.

कप्तान : मी इतकी वर्षं या समुद्रात येतोय, हा आवाज कधी...

इनुतेक : बटण सोडा, कप्तान. तुम्ही बोलताय तोवर आम्हाला ते ऐकू येत नाहीत.