स्पॅनिशमधला 'तू'

औरंगपुऱ्याहून पडेगावला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. सुनेचा नवरा दांडी धरून उभ्या-उभ्या तिचा अभ्यास घेत होता. सासरे पलीकडच्या खिडकीला डोकं टेकून घोरत होते.

"सायली, उद्या स्पॅनिशची तोंडी परीक्षा ना? 'ऐकणं' हे क्रियापद म्हणून दाखव."

"एस्कुचो, मी ऐकते. एस्कुचास, तू ऐकतोस. अजून विचारा, सगळी पाठ आहेत."

"अगं ये सायली, भर बसमधी नवऱ्याला 'तू'?"

"आत्याबाई, ती भाषाच तशी आहे. तिकडं बायका नवऱ्याला 'तू'च म्हणतात."

"अन् नवरे आयकून घेतात?"

"घेतात की."

"माय, हे परीक्षेपुरतं आहे गं."

"तू गप रे, शिवराज. सायली, 'तू आयकत नाय' हे कसं म्हणायचं?"

"नो एस्कुचास."

"नो एस... कुचास. नो एस्कुचास. लई सोपं हाय की!"

"माय, पडेगाव आलं. बाबांना उठवतो."

"थांब. आज मी उठवते."