आवणीत वाजलेला जर्मन ट्रान्स

माझं संगीत कुणाला कळत नाही, असं तुम्ही म्हणता ना? आमच्या गावच्या, वडिवळ्याच्या बायकांना ते कळलं, आणि जरा जास्तच कळलं.

लोणावळ्याच्या बंगल्यांवर डीजे वाजवताना सगळ्यांना तीच चार गाणी लागतात. म्हणून मी स्वतःच्या हौसेनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या जर्मन ट्रान्सचा, म्हणजे एकसारख्या ठेक्यावर चालणाऱ्या नाचाच्या संगीताचा, लांबलचक मिक्स केला. ऐकायला कुणी मिळेना, तेव्हा आमच्या भाताच्या आवणीला स्पीकर बांधावर नेऊन ठेवला.

ठेका सुरू झाला आणि रोपं लावणाऱ्या बायकांचे हात त्यावर चालायला लागले. आमचे वडील, म्हणजे आबा, खूश. "लय भारी हाय रं. न बोलता कामं व्हत्यात."

मग माझी आवडती जागा आली. ट्रान्समध्ये मधेच ठेका थांबतो आणि नुसते सूर तरंगत राहतात. ठेका थांबला, तशा सगळ्या बायका पाठ सरळ करून उभ्या राहिल्या. त्यांतल्या ठकूमावशीनं हात धुऊन मिश्रीची डबी काढली. ठेका परत आला, तेव्हाच सगळ्या वाकल्या.

पुढच्या प्रत्येक गाण्यात हेच. शेवटी आबा तापले. "ते बंद पडायचं काप, न्हाईतर स्पीकर चिखलात घालीन."

मी म्हणालो, "आबा, तेच तर ह्या गाण्याचं काळीज हाय. ते कापलं तर काय ऱ्हायलं?"

ठकूमावशी दातावरचं बोट न काढता म्हणाली, "पोरगं बरूबर बोलतंय. तेवढंच ठेव रं बाबा, बाकीचं काप."